तळ्याकाठचा लपलेला डबा

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत आम्ही उभयतांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. त्या दिवशी येऊ न शकलेल्या सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी देत आहोत.)



चिटणीसांनी आम्हां दोघांना ‘अमेरिकेतले अनुभव’ असा विषय दिला होता. या विषयावर या सभागृहात आजवर इतकी भाषणं झाली आहेत की तिथल्या रस्त्यांची रुंदी, दुकानांतली गर्दी आणि थंडी यांची माहिती आपल्याला तोंडपाठ आहे. म्हणून आम्ही विषय जरा लहान करून मागितला. आज आम्ही एक तळं, एक कुत्रा आणि एक खेळ, एवढ्यावरच बोलणार आहोत. आणि शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवणार आहोत. भाषण दोघांनी मिळून लिहिलं आहे, वाचणारा आवाज एक आहे, म्हणून सगळीकडे ‘आम्ही’ ऐकू येईल. तो मोठेपणाचा ‘आम्ही’ नाही, दोघांचा आहे.

आधी खेळ सांगतो. त्याचं नाव जिओकॅशिंग. आपल्या स्नेहसंमेलनात पूर्वी ‘खजिना शोध’ असायचा, चिठ्ठीवरून चिठ्ठीकडे पळायचं, तसाच हा प्रकार. फक्त याचं मैदान म्हणजे सगळी पृथ्वी. कोणीतरी अनोळखी माणूस एका ठिकाणी एक छोटा डबा लपवतो. त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर नोंदवतो. दुसरा कोणी मोबाइलवर ते आकडे पाहत तिथपर्यंत जातो, डबा हुडकतो, आतल्या कागदावर नाव आणि तारीख लिहितो आणि डबा होता तसा, होता तिथेच ठेवून निघून येतो. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत, पंच नाही.

आम्हांला पहिल्यांदा हे ऐकल्यावर वाटलं, यात मिळालं काय? तोच प्रश्न आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. थोडं थांबा.

या खेळाचा जन्म अगदी तारखेनिशी सांगता येतो. अमेरिकेच्या उपग्रहांवरून जागा कळण्याची सोय, जिला आपण जीपीएस म्हणतो, ती मुळात लष्कराची. सामान्य लोकांना तिचा उपयोग करता येई, पण त्यांच्या संकेतांत मुद्दाम थोडी चूक मिसळलेली असे. त्यामुळे यंत्रानं दाखवलेली जागा शंभरेक मीटरनं इकडे-तिकडे असू शके. म्हणजे आपण सुरसागराच्या काठावर उभे असावं आणि यंत्रानं सांगावं की तुम्ही पाण्यात आहात. 1 मे 2000 रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही मुद्दाम घातलेली चूक बंद करण्याचा निर्णय जाहीर केला आणि एका रात्रीत जगभरची यंत्रं कितीतरी पटींनी अचूक झाली.

दोनच दिवसांनी, 3 मे रोजी, ऑरेगन राज्यातल्या डेव्ह अल्मर या गृहस्थांनी बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत एक बादली ठेवली. तिच्यात एक वही, पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल आणि डबाबंद बीन्सचा एक डबा असं काहीबाही होतं. त्या जागेचे आकडे त्यांनी इंटरनेटवर जाहीर केले आणि अट घातली: काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत नोंद करा. तीन दिवसांत दोघांनी ती बादली शोधली. त्यांपैकी माइक टीग यांनी अशा लपवलेल्या डब्यांची यादी ठेवायला सुरुवात केली. मॅट स्टम यांनी ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवलं. त्याच वर्षी 2 सप्टेंबरला सिॲटलचे जेरेमी आयरिश यांनी या खेळाचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा जगात असे डबे होते 75. आज ते तीस लाखांच्या वर आहेत. अंटार्क्टिकावर आहेत आणि एक तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही नेऊन ठेवलेला आहे.

आमची लेक सिॲटलला राहते, आणि खेळाचं मुख्य कार्यालयही त्याच शहरात आहे. तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक तळं आहे, ग्रीन लेक. मागच्या वर्षी मे ते सप्टेंबर आम्ही तिच्याकडे होतो.

या तळ्याबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण त्याची कथा आपल्या तळ्यांशी फार जुळते. ग्रीन लेक हिमनदीनं कोरलेलं आहे. भोवतालची पायवाट साधारण साडेचार किलोमीटरची. आपल्या सुरसागराची फेरी करणाऱ्यांनी समजून घ्यावं की हे प्रकरण बरंच मोठं आहे. 1911 साली बागेसाठी जमीन हवी म्हणून तळ्याची पातळी सात फुटांनी खाली आणली गेली. काठ उघडे पडले, सुंदर हिरवळ झाली. पण पाणी वाहतं ठेवणारा ओढा तुटला. पाणी साचून राहू लागलं आणि शेवाळ वाढलं. नाव ‘हिरवं तळं’ असलं तरी इतकं हिरवं कोणालाच नको होतं. मग 1991, 2004 आणि 2016 मध्ये पाण्यात तुरटीच्याच जातीचं रसायन टाकून ते निवळावं लागलं. आमच्या घरी पावसाळ्यात आई पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवायची. अख्ख्या तळ्याला तुरटी फिरवतात हे ऐकून आम्हांला तिचीच आठवण झाली.

आणखी एक योगायोग. तळ्याच्या पूर्वेला एक सार्वजनिक वाचनालय आहे, कार्नेगींच्या देणगीतून बांधलेलं. उघडलं 1910 साली. बडोदेकरांना 1910 म्हटल्यावर दुसरं काही सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये अमेरिकेत वाचनालयं पाहिली, आणि 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला बोलावून घेतलं. मग आपल्या संस्थानात वाचनालयांचं जाळं उभं राहिलं आणि जिथे वाचनालय नव्हतं तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव जाऊ लागली. पेटी यायची, गाव वाचायचा, पेटी परत जायची. अनोळखी माणसावर विश्वास टाकून डबा ठेवून जाण्याची कल्पना बडोद्याला नवी नाही, हे आम्ही त्या वाचनालयाच्या पायरीवर बसून नातवाला सांगितलं.

आता नातवाकडे येतो. वय वर्षं अकरा. गुणी मुलगा. मराठी त्याला समजतं, पण बोलायचं म्हटलं की ‘हो’, ‘नको’, ‘अजून’, ‘आजी’ आणि ‘आजोबा’, एवढ्या पाच शब्दांवर संसार. आम्ही मराठीत विचारायचं, त्यानं इंग्रजीत उत्तर द्यायचं. जेवणाच्या टेबलावर दोन मिनिटांत बोलणं संपायचं आणि तो आपल्या खोलीत, आम्ही आमच्या. लेक आणि जावई दिवसभर कामावर. घरात प्रेमाची कमतरता मुळीच नव्हती. बोलायला विषय नव्हता. परदेशी नातवंडं असलेल्या घरांना ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. आणि आमच्या वयाला असे पाच-पाच महिन्यांचे प्रवास आता मोजकेच उरले आहेत, हेही दोघांच्या मनात होतंच.

घरात चौथा मराठी जाणणारा होता मोती. लेकीनं प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेला काळा लॅब्राडोर. तिच्या लहानपणी दांडिया बाजारातल्या घरी मोती होता, म्हणून हाही मोती. तेरा वर्षांचा, मागच्या पायांनी थकलेला, पण ‘चल’ म्हटलं की दारात हजर. त्याला ‘बस’, ‘ये’, ‘थांब’ हे मराठीतच कळायचं. नातू माणसांशी इंग्रजीत बोलायचा आणि कुत्र्याशी मराठीत! हे आमच्या लक्षात आलं तेव्हा आम्हांला हसू आलं आणि जरा धीरही आला.

रोज संध्याकाळी मोतीला तळ्यावर नेण्याचं काम आम्ही मागून घेतलं. एकदा नातू सोबत आला. वाटेत मोबाइल काढून म्हणाला, इथे जवळ एक डबा लपवलेला आहे, शोधायचा का? शाळेतल्या मित्राकडून त्यानं हा खेळ उचलला होता. असं ते सुरू झालं.

मोबाइल तुम्हांला जागेच्या आठ-दहा मीटर जवळ नेतो. पुढचं काम डोळ्यांचं. डबा कधी मोठा असतो, कधी जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीएवढा, कधी तर बोटाच्या पेराएवढा आणि लोहचुंबकानं चिकटवलेला. प्रत्येकाला अवघडपणाचे एक ते पाच असे गुण असतात: शोधायला किती कठीण याचे वेगळे, आणि तिथपर्यंत पोचायला किती कठीण याचे वेगळे. आम्ही दुसऱ्या प्रकारात दीडच्या वर जायचं नाही असं ठरवून घेतलं होतं. गुडघ्यांचा सल्ला होता.

नियमही नीट आहेत. डबा जमिनीत खणून पुरायचा नाही. आत खाण्याचे पदार्थ ठेवायचे नाहीत, कारण वासानं जनावरं येतात. पहिल्या बादलीतला तो बीन्सचा डबा आज चालला नसता. दोन डब्यांत निदान 161 मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर हवं. जागेच्या मालकाची परवानगी हवी. आणि सर्वांत महत्त्वाचं, आसपासच्या लोकांना कळू न देता शोधायचं. हा खेळ न खेळणाऱ्यांना खेळाडू ‘मगल’ म्हणतात. हॅरी पॉटर वाचलेली मुलं आपल्याला याचा अर्थ सांगतील.

इथे मोतीचं महत्त्व कळतं. कुत्रा डबा हुंगून काढतो असं कोणाला वाटत असेल तर तसं काही नाही. मोतीनं पाच महिन्यांत एकही डबा शोधला नाही, दोन अर्धवट सँडविच मात्र शोधली. त्याचा उपयोग वेगळा. परक्या देशात सत्तरीचा एक सावळा गृहस्थ झुडपात हात घालून काहीतरी चाचपतो आहे, हे दृश्य पाहणाऱ्याला जरा वेगळंच वाटू शकतं. तेच त्याच्या दुसऱ्या हातात कुत्र्याचा पट्टा असला की लोक हसून ‘गुड इव्हनिंग’ म्हणतात आणि पुढे जातात. कुत्रा असला की माणूस कुठेही वाकलेला चालतो. तिथे कुत्र्याच्या मागे पिशवी घेऊन वाकावंच लागतं, ते तर आपण जाणताच.

पहिला डबा सापडायला आम्हांला चाळीस मिनिटं लागली. नेमकी जागा सांगत नाही, सांगायची नसते. एवढंच सांगतो की एका बाकाजवळ होता आणि त्या बाकावर आम्ही त्याआधी आठ-दहा वेळा बसलो होतो. डबीत कागदाची गुंडाळी होती. तिच्यावर अनोळखी माणसांची नावं, तारखा, एखाद्यानं काढलेलं छोटं बदक. नातवानं स्वतःचं नाव इंग्रजीत लिहिलं. आम्ही खाली देवनागरीत ‘आजी-आजोबा, बडोदे’ असं लिहिलं. तो कागदाकडे बघत राहिला. मग विचारलं, माझं नाव असं कसं लिहायचं? वाळूत काडीनं काढून दाखवलं. त्यानं कागदावर उतरवलं, वरची रेघ न देता. आम्ही म्हटलं, रेघ राहिली. तर तो म्हणाला, कागदावर जागाच संपली. घरी त्याला देवनागरी शिकवण्याचे दोन प्रयत्न होऊन पुस्तकं कपाटात गेली होती. त्या उन्हाळ्यात त्यानं आपलं नाव निदान वीस डब्यांत लिहिलं. तिसऱ्या-चौथ्या डब्यापासून रेघही आली.

दुसरी गंमत भाषेची. बहुतेक डब्यांसाठी एक खूण दिलेली असते, पण ती सांकेतिक. इंग्रजी अक्षरमाला सव्वीस अक्षरांची. प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवायचं: पहिल्याच्या जागी चौदावं, दुसऱ्याच्या जागी पंधरावं. तेरा हे बरोबर निम्मे, म्हणून पुन्हा तेरा घरं सरकवलं की मूळ शब्द परत येतो. लपवायची आणि उलगडायची किल्ली एकच. नातू हे मोठ्या ऐटीत समजावत होता. आम्ही म्हटलं, अरे, आमच्याकडेही अशी गुप्त भाषा होती. प्रत्येक अक्षराआधी ‘च’ लावायचा. ‘चमो चती चये!’

मंडळी, लहानपणी आपण सगळ्यांनीच ही च-ची भाषा बोललेली आहे, वडीलधाऱ्यांना कळू नये म्हणून. आणि त्यांना ती आपल्यापेक्षा चांगली कळायची. पण त्या मुलाला ती अशी काही आवडली की विचारू नका. आता तळ्यावर आजूबाजूच्या ‘मगल’ लोकांपासून लपवून बोलायला त्याला खरीखुरी गुप्त भाषा मिळाली होती. अडचण एकच: ‘च’ लावायला आधी मराठी वाक्य हवं! ‘डबा कुठे आहे’, ‘झाडामागे बघ’, ‘कोणीतरी येतंय’, ‘आजोबा, हळू बोला’ अशी वाक्यं तो आम्हांला विचारून घेऊ लागला, आणि मग त्यांना ‘च’ लावू लागला. ‘चको चणी चत चरी’ हे त्याच्या तोंडून ऐकताना शेजारून पळणाऱ्या लोकांना काय वाटत असेल देव जाणे. जुलैपर्यंत पाच शब्दांचा संसार पुष्कळ वाढला. व्याकरण लंगडं होतं, पण मोतीही लंगडतच सगळं तळं फिरायचा.

सगळंच सापडलं असंही नाही. एका डब्यासाठी आम्ही तीन वेळा गेलो. मिळाला नाही. तेव्हा कळलं की ‘सापडला नाही’ हीसुद्धा नोंद करायची असते. त्यावरून डब्याच्या मालकाला कळतं की तो हरवला असेल, एकदा जाऊन बघावं. आपलं अपयश दुसऱ्याच्या उपयोगी पडतं म्हणून ते लिहून ठेवायचं. अकरा वर्षांच्या मुलाला हे आम्हांला भाषण देऊन शिकवता आलं नसतं.

ऑगस्टच्या अखेरीस एक दिवस तळ्याकाठी सूचनेचा फलक लागला. पाण्यात निळं-हिरवं विषारी शेवाळ वाढलं आहे, पाण्यात उतरू नका, कुत्र्यांना पाणी पिऊ देऊ नका. हे पाणी थोडं जरी पोटात गेलं तरी कुत्रा दगावू शकतो. मोती तेरा वर्षं त्या तळ्यावर येणारा. त्याला तहान लागली की तो काठाकडे ओढायचा. नातवानं पट्टा आखडून धरला आणि ओरडला, ‘थांब! नको! विष आहे!’ ‘च’ नाही, इंग्रजी नाही. बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन त्यानं मोतीला पाजलं. पुढे रोज निघताना बाटली आठवणीनं तोच भरायचा.

त्या फलकावरून घरी खूप बोलणं झालं. पाण्यात नको ते पोषण गेलं की शेवाळ माजतं. बागेतलं खत, कुजणारा पाला, प्राण्यांची घाण, लोकांनी बदकांना टाकलेला पाव, सगळं त्यात भर घालतं. नातवानं विचारलं, बडोद्याच्या तळ्यात काय टाकतात? आता काय सांगणार? सुरसागरात आपण कैक वर्षं वाजतगाजत मूर्ती विसर्जित केल्या, निर्माल्य सोडलं. भक्तीनं केलं, तरी पाण्याला भक्ती कळत नाही. आता विसर्जनासाठी कृत्रिम तलाव केले जातात, घरोघरी शाडूच्या मूर्ती येऊ लागल्या आहेत, हेही त्याला सांगितलं. जिओकॅशिंगवाल्यांनी 2002 पासून एक प्रथा पाडली आहे: डबा शोधायला जाताना पिशवी न्यायची आणि येताना वाटेतला कचरा उचलून आणायचा. आमच्याकडे मोतीसाठी पिशव्या असतच. एक त्याच्यासाठी, एक कचऱ्यासाठी. परतताना दुसरी रोज भरलेली असायची.

सप्टेंबरात आम्ही परत आलो. निघताना विमानतळावर रडारड झाली, ती सगळीकडे होते तशीच. फरक एवढाच की त्यानंतर दर रविवारी फोनवर तो आमच्याशी बोलू लागला. पूर्वी आई फोन हातात द्यायची म्हणून बोलायचा, आता स्वतःहून. कुठला डबा सापडला, मोती किती चालला, पाऊस किती.

फाल्गुनात एका रविवारी फोन आला. नेहमीचं ‘आजी’ झालं आणि मग बराच वेळ तो गप्प. शेवटी हळूच म्हणाला, ‘चमो चती चगे चला.’

आम्ही दोघंही काही बोलू शकलो नाही. दुःखाची गोष्ट सरळ तोंडातून निघत नाही, तिला काहीतरी आड हवं असतं. आपल्या आज्यांनी त्यासाठी ओव्या केल्या. त्या मुलाला जे आड मिळालं ते आमच्या लहानपणच्या च-च्या भाषेचं. आणि त्याला ही बातमी आम्हांला मराठीतच द्यावीशी वाटली. आम्ही त्याच भाषेत त्याच्याशी बोललो, बराच वेळ.

मोतीच्या गळ्यात त्यानं एक बिल्ला अडकवला होता. या खेळात अंक कोरलेले धातूचे बिल्ले मिळतात. ते डब्यात ठेवायचे, दुसऱ्या कोणी पुढच्या डब्यात न्यायचे, आणि बिल्ल्याचा प्रवास संकेतस्थळावर दिसत राहतो. मोतीचा बिल्ला आता त्यानं तळ्याकाठच्या एका डब्यात ठेवला आहे आणि सोबत इंग्रजीत चिठ्ठी लिहिली आहे की हा बिल्ला भारताच्या दिशेनं जाऊ द्या. तो इथपर्यंत पोचेल का, कधी पोचेल, हे अनोळखी माणसांच्या हाती आहे. नातू मात्र निर्धास्त आहे. डबे जागेवर ठेवणारी माणसं असतात, हे त्यानं प्रत्यक्ष पाहिलं आहे.

आता मंडळापुढची सूचना.

आपल्यापैकी बहुतेकांची घराणी चार-पाच, काहींची सहा-सात पिढ्या बडोद्यात आहेत. आपल्या खुणा या शहरात जागोजागी आहेत, पण त्या जिओकॅशिंगच्या डब्यांसारख्या झाल्या आहेत: असतात डोळ्यांसमोर, दिसतात फक्त माहीत असलेल्याला. आपली मुलं-नातवंडं रोज त्यांच्यासमोरून स्कूटरवर जातात आणि त्यांच्या दृष्टीनं तिथे काहीच नसतं. आपण व्याख्यान ठेवलं की आपणच येतो. ती येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकतही नाही.

म्हणून नवरात्राआधीच्या रविवारी सकाळी सुरसागराभोवती अशी एक फेरी ठेवावी. नवरात्र लागलं की रात्री गरबा, मग सकाळी कोण उठणार, हे ध्यानात घेऊन तारीख सुचवतो आहोत. तळ्याभोवती डबे ठेवायचे नाहीत. गर्दीच्या जागी बेवारस डबा दिसला की आपल्याकडे पोलीस येतात, आणि ते योग्यच आहे. या खेळात डब्याशिवायचाही एक प्रकार आहे. ठरलेल्या जागी जायचं, तिथे पाहिल्याशिवाय मिळणार नाही असं उत्तर लिहून आणायचं. आपण तो घ्यावा.

ठिकाणांची वानवा नाही. तळ्याकाठी संगीत महाविद्यालय आहे. 1886 साली मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू झालेल्या गायनशाळेची ती परंपरा. समोर न्यायमंदिर, 1896 सालचं, आणि त्याच्याजवळ लहेरीपुरा दरवाजा. थोडं पुढे दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा, भिंतींवरच्या चित्रांसह. दांडिया बाजारात अरविंदबाबू राहत असत ते घर. आणि पाय चालत असतील त्यांनी मांडवीकडे मध्यवर्ती ग्रंथालयापर्यंत जावं, तिथली काचेची जमीन आणि लोखंडी मांडण्या पाहाव्यात. बोर्डनसाहेबांची गोष्ट तिथेच सांगावी. प्रत्येक जागी एक प्रश्न, आणि प्रश्न च-च्या भाषेत! मुलांना उलगडताना आजी-आजोबांना विचारावं लागेल अशा बेतानं. गटात तीन पिढ्यांतला निदान एकेक हवा, एवढी एकच अट.

कुत्रा असलेल्यांनी अवश्य आणावा, पण पट्ट्यानं बांधून आणि सहाच्या आत. उशीर झाला की रस्त्यावरची मंडळी आपल्या पाहुण्याचं जंगी स्वागत करतात. पाण्याची बाटली आणि दोन पिशव्या आणाव्यात. कचरा उचलायला वयाची अट नाही. शेवटी शेव-उसळ मंडळाकडून, असं आम्ही खजिनदारांच्या वतीनं परस्पर जाहीर करून टाकतो.

प्रश्न तयार करायला दहा-बारा जणांची गरज आहे. ज्यांच्या घरी जुने फोटो, मोडीतले कागद, वाड्याचे नकाशे, आजीनं सांगितलेल्या हकिगती असतील त्यांनी बैठक संपल्यावर चिटणीसांकडे नाव द्यावं. आमची दोन नावं आम्ही आधीच लिहिली आहेत, वरच्या रेघेसकट. तिसऱ्या ओळीत नातवाचं नाव आहे. तो त्या दिवशी फोनवरून प्रश्न विचारणार आहे आणि मराठीतच विचारणार आहे, फक्त तुम्हांला ‘च’ काढून ऐकावं लागेल.



गणपती बाप्पा मोरया!